अनेक संगणक, एकच काम

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील शेकडो माजी मालगुजारी तलावांत किती पाणी साठेल व त्यावर किती धान भिजेल, याचा हिशेब अनेक वर्षांच्या पर्जन्यनोंदींवरून मांडावयाचा झाल्यास एका संगणकास फार वेळ लागतो. महाविद्यालयातील संगणक मात्र तास संपताच रिकामे असतात. अशा विखुरलेल्या संगणकांना जोडून एकच काम वाटून देण्याच्या पद्धतीस ग्रिड संगणन म्हणतात. रिकाम्या संगणकांचा असा उपयोग करणारी ‘कॉन्डोर’ प्रणाली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ मध्ये सुरू झाली. पुण्याच्या सी-डॅकने पुढे ‘गरुड’ प्रकल्पाद्वारे देशातील संशोधन संस्था जोडल्या.

मुख्य संगणक कामाचे तुकडे वाटतो. एखादे यंत्र बंद पडल्यास त्याचा तुकडा दुसऱ्यास देतो. मात्र प्रत्येक काम असे वाटता येत नाही. स्वतंत्र तलावांचे हिशेब एकाच वेळी होतील. पण वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्यात येत असेल, तर वरचा हिशेब संपेपर्यंत खालचा अडून राहील. अशी साखळी एकाच संगणकाकडे सोपवावी.

तेव्हा नव्या यंत्रांची मागणी करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे हिताचे ठरेल : हाताशी असलेली यंत्रे किती तास रिकामी असतात, आणि आपले काम वाटता येण्याजोगे आहे काय?