स्वस्त शिक्षणयंत्र, सुरक्षित चालक

गिरगावच्या भूमीखाली गेल्या काही वर्षांत फार मोठे काम झाले. मुंबई किनारी रस्त्याच्या बोगद्यासाठी १२.१९ मीटर व्यासाचे ‘मावळा’ हे यंत्र जानेवारी २०२१ मध्ये प्रियदर्शिनी पार्क येथून निघाले आणि मलबार हिल पोखरून जानेवारी २०२२ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ बाहेर पडले. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. अशा कामांवर खोदयंत्रे आणि क्रेनही राबत असतात. जुन्या चाळी, अरुंद रस्ते, जमिनीखालील जलवाहिन्या व विजेच्या तारा यांच्या सान्निध्यात चालकाचा हात वीतभर चुकला, तरी ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच नवशिक्याने आपला हात कोठे बसवावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खऱ्या यंत्राची नक्कल करणारे शिक्षणयंत्र, म्हणजेच सिम्युलेटर, हे त्याचे एक उत्तर होय.

भात्यातून साकारलेले विमान

हे साधन महागच असले पाहिजे, असे नाही. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन वाद्ये बनविण्याचा कारखाना होता. तेथील भाते व हवेचे पंप वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी शिक्षणयंत्र तयार केले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांनी त्यावर धडे घेतले. हाताशी असलेल्या वस्तूंतून उपयुक्त साधन उभे राहते, हाच त्याचा बोध.

खरेपणा कशात आहे?

खोदयंत्राच्या एका प्रचलित मांडणीत डाव्या दांड्याने यंत्राचा वरचा भाग फिरतो व पुढचा बाहू आत-बाहेर होतो. उजव्या दांड्याने मुख्य बाहू वर-खाली होतो व बादली वळते. भंगारातील आसन, योग्य अंतरावर बसविलेले तसेच दांडे, त्यांची हालचाल टिपणारे संवेदक, एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल, संगणक आणि मोठा पडदा एवढ्या सामग्रीवर आरंभ करता येतो.

खरी कसोटी संगणकाच्या कार्यक्रमाची असते. तेलाच्या दाबावर चालणारा बाहू दांडा हलताक्षणीच पूर्ण वेग घेत नाही. फिरणारे जड यंत्र एकदम थांबत नाही. हे अचूक दाखविले नाही, तर हाताला चुकीचे वळण लागते. सहा पायांचा हलता मंच मात्र खर्चिक असतो. शिवाय त्याची हालचाल व पडद्यावरील चित्र यांचा मेळ बसला नाही, तर शिकणाऱ्याला मळमळते. त्यामुळे प्रारंभी स्थिर आसनच बरे.

मर्यादा आणि लाभ

मातीचा खरा प्रतिकार, उताराची जाणीव व खोलीचा अंदाज सपाट पडद्यावर पुरता येत नाही. म्हणून पुढचा सराव निदेशकाच्या देखरेखीखाली खऱ्या यंत्रावरच व्हावयास हवा. तथापि, वीजवाहिनीचा स्पर्श, खड्ड्याची कड ढासळणे, अचानक माणूस आडवा येणे हे प्रसंग येथे निर्धास्तपणे पुन्हा पुन्हा अनुभवता येतात. डिझेल वाचते, आणि प्रत्येक चुकीची नोंदही राहते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी, वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक शाखांनी एकत्र येऊन असे साधन घडविले, तर ते घडविणेही एक शिक्षणच ठरेल. गावतळ्यातील गाळ काढण्यासाठी यंत्र भाड्याने घेताना पंचायत सदस्य ताशी दर आवर्जून विचारतात. त्याचबरोबर चालक कोठे शिकला, हेही विचारले जावे.