दाराजवळचे बाकडे

अभ्यासपाठ : याकोबाचे पत्र, अध्याय २, वचने १ ते ४



वडीगोद्रीतील आमच्या घरी भिल्ल वस्तीवरील माणसे जातीच्या दाखल्याचे, रेशनकार्डाचे कागद घेऊन येतात. मी खुर्चीत बसून अर्ज भरत असे आणि ती उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी, खाली बसत. "वर बसा," असे मी पुष्कळदा म्हणे. पण वर बसायला एकच खुर्ची होती आणि तिच्यात मी होतो.

सभेत आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा, याला याकोब भेदभाव म्हणतो. ईशज्ञानाच्या पदविका परीक्षेत या उताऱ्यावर मी उत्तर लिहिले होते. बसायची सोय मात्र केली नव्हती.

मग बाभळीच्या फळ्या आणून मी घाईने बाकडे ठोकले. पाय टोकांपासून सव्वा फूट आत घेतले. एक आजी कडेला बसल्या; मधला माणूस उठताच बाकडे उलटले. दुखापत झाली नाही. पण आजी पुन्हा खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आमाला खालीच बरं." ते मला लागले.

दुसरे बाकडे सुतारमामांना विचारून केले. कोणालाही करता येईल, म्हणून माप देतो.

लाकूड : वाळलेले घ्यावे. ओले लाकूड पुढे पिळते, तडकते. बाभूळ कठीण असते; आधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर खिळ्याने फळी फाटते.

बैठक : लांबी ४ फूट, रुंदी १४ इंच. दोन फळ्यांमध्ये दोन सुतांची फट ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही. कडा रंध्याने गोल कराव्यात. लुगडे अडकत नाही.

पाय : उंची १७ इंच. फार बुटके केले तर म्हाताऱ्या माणसाला उठताना गुडघ्यांवर जोर द्यावा लागतो. पाय टोकांपासून ४ इंचांवर, गुण्या लावून सरळ बसवावेत. दोन्ही बाजूंचे पाय खालून आडव्या पट्टीने जोडावेत. पायांच्या तळांना डांबर लावावे. ओल आणि वाळवी कमी लागते.

बाकडे झाल्यावर आधी मी स्वतः अगदी कडेला बसून पाहिले. ही परीक्षा पहिल्या वेळी मी आजींवर सोडली होती. दुबळ्या माणसासाठी केलेली वस्तू अधिक मजबूत हवी. कारण ती एकदा डगमगली की तो पुन्हा विश्वास टाकायला कचरतो.

आजी आल्या तेव्हा मी "बसा" म्हटले नाही. अर्ज घेऊन मीच बाकड्यावर बसलो आणि शेजारी जागा ठेवली. थोडा वेळ त्या उभ्या राहिल्या. मग हाताने फळी दाबून पाहिली आणि बसल्या.

विचार करा :
१. आपल्या दारी आलेला गरीब माणूस कोठे बसतो?
२. तो बसल्यावर आपण कोठे बसतो?