सात बहिणींच्या कुशीतील जलतीर्थ : नवेगाव बांध

भाविकहो, दिघोरीस दर्शनार्थ येणाऱ्यांनी सवड काढून शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा तलावही अवश्य पाहावा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत हे स्थान आपल्या भंडारा जिल्ह्यातच होते.

स्थानदर्शन : डोंगरांनी वेढलेल्या या जलाशयाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या मध्यभागी मालडोंगरी हे बेट आहे. भोवतालच्या शिखरांना 'सात बहिणी' म्हणतात. महाराष्ट्रात साती आसरा या जलदेवता पाणवठ्यांच्या रक्षणकर्त्या म्हणून पूजिल्या जातात. इथे सात देवी डोंगररूपाने पाण्याभोवती उभ्या आहेत, अशी लोकांची श्रद्धा आहे.

कोलासुर देव : अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. या कार्यास सात बहिणींचे साहाय्य लाभले, अशी आख्यायिका आहे. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच 'कोलासुर देव' मानले. त्यांचे ठाणे याच शिखरांपैकी एकावर आहे. ज्याने तहानलेल्या भूमीस पाणी दिले, त्या कष्टकऱ्यास गावाने देवपण दिले, हे या तीर्थाचे वैशिष्ट्य होय.

तलावाची विद्या : पूर्व विदर्भातील कोहळी समाज तलाव बांधण्यात निष्णात. टेकड्यांमधील सखल जागा हेरून तिथे मातीची पाळ घालावयाची, पावसाचे वाहून येणारे पाणी अडवावयाचे आणि तुडुमातून ते पाटाने धानाच्या बांध्यांपर्यंत न्यावयाचे, अशी ही पद्धत. गावोगावचे असे तलाव मालगुजारांच्या देखरेखीखाली असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे गेले. त्यानंतर गाळ काढणे आणि पाळ सांभाळणे ही गावाची नित्याची कामे अनेक ठिकाणी मागे पडली.

आजचे महत्त्व : १९७५ साली या परिसरास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१३ पासून तो नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी 'नवेगावबांधचे दिवस' या ग्रंथातून या अरण्याचे दर्शन घडविले आहे.

बोध : बेटाचे दर्शन काठावरूनही घडते. पाण्यात निर्माल्य अथवा प्लॅस्टिक टाकू नये. पक्ष्यांना त्रास होईल असा गोंगाट करू नये. दानशूरांनीही ध्यानी घ्यावे की, देवळाच्या कळसाइतकेच गावतलावातील गाळ उपसण्याचे कामही पुण्याचे आहे. आपापल्या गावी परतल्यावर तेथील तलावाची पाळ एकदा पायी फिरून पाहावी. कोलासुर देवाची खरी पूजा तिथूनच सुरू होते.