कळफलकावरील नित्योपयोगी शॉर्टकट

निवासी शाळेतील संगणक कोणा एकट्याचा नसतो. एकाच यंत्रापुढे दिवसभरात अनेक जण बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तासिकेतील मोजकी मिनिटे येतात. पुढे नागपुरातील एखाद्या महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावरही आपल्यापैकी अनेकांना ग्रंथालयातील किंवा इंटरनेट कॅफेतील संगणकावरच अर्ज भरावे लागतात. अशा सामायिक यंत्रावर दोन गोष्टी जपाव्या लागतात : मिळालेला वेळ आणि स्वतःची माहिती. कळफलकावरील शॉर्टकट या दोन्ही कामी येतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचा परिचय याच क्रमाने करून देत आहोत.

शॉर्टकट म्हणजे दोन किंवा तीन कळा एकत्र दाबून संगणकाला दिलेली आज्ञा. ‘कंट्रोल + सी’ असे लिहिले असेल, तेथे कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि मग सी दाबावी. येथे दिलेले शॉर्टकट विंडोज प्रणालीवरील आहेत.

१. लेखन करताना

मजकूर निवडून कंट्रोल + सी दाबल्यास त्याची प्रत घेतली जाते, कंट्रोल + एक्सने तो उचलला जातो आणि कंट्रोल + व्हीने हव्या त्या ठिकाणी ठेवता येतो. ही प्रत घेण्याची आणि ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी घडविली. झेड, एक्स, सी आणि व्ही या चारही कळा खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे डाव्या हाताने आज्ञा देता येते आणि उजवा हात माउसवर राहू शकतो.

कंट्रोल + झेडने शेवटची कृती मागे घेता येते, तर कंट्रोल + वायने ती पुन्हा करता येते. हे कळले की नवशिक्याची भीती निम्मी ओसरते. कंट्रोल + एसने काम जतन होते. वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून परिच्छेद संपला की हात आपोआप या कळांकडे जावा, इतकी ही सवय अंगवळणी पाडावी. मात्र संकेतस्थळावरील अर्ज कंट्रोल + एसने जतन होत नाही. त्यासाठी त्या अर्जातीलच ‘जतन करा’ हे बटण दाबावे लागते.

२. मराठी लिहिताना

मराठीचा कळफलक विंडोजमध्ये एकदा जोडून घेतला की विंडोज + स्पेसबार दाबून इंग्रजीतून मराठीत आणि परत इंग्रजीत जाता येते. भारतीय भाषांसाठी प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘नागपूर’ लिहिण्यासाठी व्ही, ई, आय, एच, टी, जे या सहा कळा अनुक्रमे दाबाव्यात. पाय मोडण्यासाठी डी ही कळ आहे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसत असली, तरी येथे ती व्यंजनानंतर दाबायची असते. म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमाने लिहितो.

या अभ्यासाचे मोल केवळ शाळेपुरते नाही. लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा किमान ३० किंवा इंग्रजीचा किमान ४० शब्द प्रतिमिनिट वेग आवश्यक असतो. बोटांना कळांच्या जागा आजपासून ठाऊक झाल्या, तर उद्या त्या परीक्षेची धास्ती वाटणार नाही.

३. ब्राउझर वापरताना

कंट्रोल + टीने नवा टॅब उघडतो, कंट्रोल + डब्ल्यूने चालू टॅब बंद होतो आणि कंट्रोल + टॅबने एका टॅबवरून दुसऱ्यावर जाता येते. अक्षरे बारीक वाटल्यास कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबावे. कंट्रोल + शून्याने मूळ आकार परत येतो. अर्ज भरताना एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाण्यासाठी टॅब आणि मागे येण्यासाठी शिफ्ट + टॅब वापरावे. दृष्टिबाधित विद्यार्थी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साह्याने संगणक वापरतात, तेव्हा त्यांची भिस्त अशाच कळांवर असते.

शेकडो नावांच्या गुणवत्ता यादीत आपले नाव शोधायचे असेल, तर कंट्रोल + एफ दाबून ते लिहावे. नाव सापडले नाही म्हणून लगेच निराश होऊ नये. यादी कागदावरून स्कॅन केलेली असेल, किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकित असेल, तर पडद्यावर दिसणारे मराठी नावही या शोधात सापडत नाही. अशा वेळी आसन क्रमांक शोधून पाहावा आणि शेवटी यादी डोळ्यांखालून घालावी.

४. जागेवरून उठण्यापूर्वी

महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपण आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा व उत्पन्नाचा दाखला अशी माहिती देतो. काम झाल्यावर टॅब बंद केला की सारे संपले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कंट्रोल + शिफ्ट + टी दाबल्यास बंद केलेला टॅब पुन्हा उघडतो. चुकून बंद झालेले पान परत आणणारा हा उपयुक्त शॉर्टकट आपल्यामागून त्याच खुर्चीवर बसणाऱ्यालाही तितकाच उपलब्ध असतो. आपण लॉगआउट केलेले नसेल, तर आपले खाते त्याच्यापुढे उघडू शकते.

म्हणून सामायिक संगणकावर बसताच क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एन दाबून खासगी खिडकी उघडावी. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी दाबावे. काम संपल्यावर प्रथम लॉगआउट करावे, मग अशा सर्व खासगी खिडक्या बंद कराव्यात. त्यांतील भेटींची नोंद ब्राउझर पुढे ठेवत नाही, पण डाउनलोड केलेला दाखला संगणकातच राहतो. कंट्रोल + जे दाबून डाउनलोडची यादी पाहावी, आपली फाइल ज्या फोल्डरमध्ये असेल तेथे जावे, ती निवडावी आणि शिफ्ट + डिलीटने काढून टाकावी. नुसते यादीतून नाव काढल्याने फाइल जातेच असे नाही. शिफ्ट + डिलीटने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यामुळे तिची प्रत आपल्याजवळ आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

हे सारे शॉर्टकट एका दिवसात पाठ करण्याचा खटाटोप करू नये. दर आठवड्याला तीन निवडावेत आणि त्या कामांसाठी माउसला हात लावायचा नाही, असा नेम करावा. तीन महिन्यांत तीसहून अधिक शॉर्टकट हाताशी येतील. त्यांतील जे खासगी खिडकीचे, लॉगआउटनंतरच्या आवराआवरीचे आहेत, ते मात्र पहिल्याच आठवड्यात शिकावेत आणि शेजारी बसलेल्या मित्रालाही शिकवावेत.