हे कशावरून?

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड वाचकांच्या हाती दिले. अशा ग्रंथाला संपादक असतो. ग्रंथावर त्याचे नाव असते आणि चूक आढळली तर वाचक त्याला जाब विचारू शकतो. विकिपीडिया हा मात्र निराळ्या जातीचा ज्ञानकोश आहे. तो १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. तो संगणकावर वाचावयाचा, आणि त्यात कोणीही भर घालावी अशी मुभा आहे. लिहिणारा पंडित आहे की सातवीतला विद्यार्थी आहे, हे वाचकाला कळत नाही.

मग वाचकाने विश्वास ठेवावा तरी कशाच्या बळावर? लेखकाचे नाव ठाऊक नसले, तरी ‘हे कशावरून लिहिले?’ असे विचारण्याचा वाचकाचा अधिकार शिल्लक राहतो. त्या प्रश्नाचे लेखातच दिलेले उत्तर म्हणजे संदर्भ. विधानाच्या शेवटी एक लहानसा आकडा असतो आणि लेखाच्या तळाशी त्याच आकड्यापुढे ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष व पृष्ठक्रमांक दिलेला असतो. पृष्ठक्रमांक देण्याचा पुष्कळांना कंटाळा येतो. परंतु पाचशे पानांच्या ग्रंथाचे नुसते नाव सांगणे म्हणजे पाहुण्याला घराचा पत्ता म्हणून केवळ गावाचे नाव सांगण्यासारखे आहे. शिवाय जे पान आपण स्वतः उघडून वाचले, त्याचाच संदर्भ द्यावा. दुसऱ्याच्या तळटिपेवरून तळटीप उतरवू नये.

नव्या लेखकाची अडचण कोठे होते ते पाहा. समजा, एका मुलाने आपल्या गावावर लेख लिहिला आणि त्यात ‘आमचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे वाक्य घातले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते काढून टाकलेले त्याला दिसले. त्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, कारण ही गोष्ट त्याला त्याच्या आजोबांनी सांगितलेली असते. आजोबा खोटे बोलतात असे कोणीही म्हटलेले नाही. अडचण एवढीच, की नागपूरला किंवा लंडनला बसलेला वाचक त्या आजोबांना विचारावयास येऊ शकत नाही. ही आख्यायिका एखाद्या छापील ग्रंथात नोंदलेली असेल, तर ‘अशी आख्यायिका आहे’ असे म्हणून ती खुशाल द्यावी. देवळाचा काळ मात्र पुरातत्त्वज्ञांच्या ग्रंथातून किंवा जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून घ्यावा.

गॅझेटियर वापरतानाही तारतम्य हवे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळची पेठ, तेथील व्यापार, घाटातील रस्ते यांसाठी त्याच्यासारखे साधन नाही. पण त्यातील लोकसंख्या १८८१ सालची आहे. ती आजची म्हणून लिहिली, तर संदर्भ असूनही विधान चुकीचे ठरेल. उलट २०११ च्या जनगणनेतील आकडा घेतला, तर सोबत ‘२०११’ हे वर्षही लिहावे.

वृत्तपत्रात छापून आले म्हणजे खरेच, असे मात्र समजू नये. मार्च २००९ मध्ये मॉरिस जार नावाचे फ्रेंच संगीतकार वारले. त्याच वेळी आयर्लंडमधील डब्लिन शहरातील एका विद्यार्थ्याने त्यांच्या तोंडचे म्हणून एक वाक्य स्वतःच रचले व विकिपीडियात घुसडले. वृत्तपत्रे पडताळणी करतात की नाही, हे त्याला पाहावयाचे होते. विकिपीडियाच्या लेखकांनी संदर्भ नाही म्हणून ते वाक्य काढून टाकले. परंतु त्यापूर्वीच काही नामांकित वृत्तपत्रांनी ते उचलून मृत्युलेखांत छापले होते! सुमारे महिनाभर ही लबाडी कोणाच्या ध्यानात आली नाही. शेवटी त्या विद्यार्थ्यानेच वृत्तपत्रांना कळविले. तो गप्प बसला असता आणि पुढे कोणी त्या वृत्तपत्रांचाच संदर्भ देऊन ते वाक्य विकिपीडियात परत आणले असते, तर? आडातले पाणी काढून पुन्हा आडातच ओतावे आणि आडाला नवा झरा लागला म्हणावे, तसे झाले असते. म्हणूनच विकिपीडियातील एका लेखाला दुसऱ्या लेखाचा आधार चालत नाही.

कधी कधी दोन साधने एकमेकांशी जुळत नाहीत. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच पाहा. जुन्या बखरीच्या आधारे शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे वर्ष दीर्घ काळ मानले जात होते. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. विद्वानांत यावर पुष्कळ वाद झाला आणि आता शासकीय जयंती १९ फेब्रुवारीस होते. अशा ठिकाणी विकिपीडियाच्या लेखकाने स्वतः न्यायाधीश होऊ नये. कोणत्या साधनात काय आहे आणि अभ्यासकांनी कोणते मत का स्वीकारले, हे ज्याच्या त्याच्या नावानिशी सांगावे.

मराठी विकिपीडिया वाचताना एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असे शब्द तुम्हांला आढळतील. वाक्य खोटे आहे असा त्यांचा अर्थ नव्हे. आधार कोणीतरी शोधावा, अशी ती विनंती आहे. गावाच्या वाचनालयात कधी कधी अर्ध्या तासात तो सापडतो. पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ व हवे ते पान यांचा तपशील वहीत टिपून घ्यावा आणि शिक्षकांना किंवा पालकांना जवळ बसवून तळटीप जोडावी. आपला पत्ता किंवा शाळेचे नाव मात्र तेथे लिहू नये. तळटिपेत पुस्तकाचा पत्ता असला म्हणजे पुरे.