चौघांचं एक जग

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून एक काल्पनिक जग रचायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करावी? पुढे भांडणं तर होणार नाहीत?

उत्तर : मतभेद होतातच, पण त्यांतून कधी कधी नवं जगही जन्मतं. 1826 मध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी पॅट्रिक ब्राँटे यांनी मुलासाठी लाकडी शिपाई आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चारही भावंडांनी एकेक शिपाई आपला मानला आणि त्यांच्यासाठी 'ग्लास टाऊन' वसवलं. तिथल्या कथा, मासिकं काडेपेटीएवढ्या हस्तलिखितांत उतरली! पुढे धाकट्या एमिली आणि ॲन यांनी वेगळं होऊन 'गोंडल' रचलं. शार्लट आणि ब्रॅनवेल 'अँग्रिया'त रमले.

स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एसलमाँट या कॅनडातल्या पुरातत्त्वज्ञ मित्रांनी 1982 च्या सुमारास 'मलाझन'चं जग रचलं, तेही आपसांत खेळण्यासाठी. एरिक्सन यांची त्यावरची पहिली कादंबरी 1999 मध्ये आली. इतिहास दोघांचा, कादंबऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या. ही वाटणी चार मित्रांनाही मानवेल.

ठरलेल्या गोष्टी एका वहीत नोंदवाव्यात. दुसऱ्याचं पात्र त्याला न विचारता मारू नये. आणि आरंभी अख्खं साम्राज्य नको. एखादं बंदर घ्यावं, तिथं गोडं पाणी कुठून येतं आणि जकात कोण वसूल करतं, एवढं आधी ठरवावं.