जिम्नॅस्टची खरी कारकीर्द बारावीनंतर

प्रश्न : माझा पुतण्या चौथीत आहे. शाळेच्या मल्लखांबावर तो छान चढतो. टीव्हीवर ऑलिंपिकचे जिम्नॅस्टिक्स पाहताना त्याने विचारले, की मुली एवढ्या लहान आणि पुरुष मात्र चांगले मोठे का दिसतात? मलाही सांगता येईना. पुरुष जिम्नॅस्टची कारकीर्द कधी सुरू होते, किती वर्षे चालते आणि पुढे त्याचे काय होते?
– एक वाचक, पिपरी मेघे, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या पुतण्याने नेमके हेरले आहे. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. वरिष्ठ गटात उतरायचे तर त्या वर्षात मुलीला १६ आणि मुलाला १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अर्थात मुलींचेही वय आता वाढले आहे. पॅरिस ऑलिंपिकला जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २७ वर्षांची होती.

पण खरे कारण शरीरात आहे. पुरुषांना सहा साधनांवर कसरती कराव्या लागतात : फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रोमन रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार. यातल्या रिंग्ज जरा नीट बघा. जमिनीपासून २.८० मीटर उंचीवर दोन कड्या लोंबत असतात. त्या धरून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायचे आणि शरीर ताठ उभे ठेवायचे. याला क्रॉस म्हणतात. ही स्थिती दोन सेकंद स्थिर धरावी लागते. हात रेषेच्या वरखाली गेले किंवा कोपर वाकले की गुण कापले जातात. शरीराचा सगळा भार खांदे आणि छातीच्या स्नायूंवर येतो. ही ताकद वयात आल्यानंतर, वर्षानुवर्षे मेहनत केल्यावर येते. दहा वर्षांच्या मुलाकडून ती मागणेच चूक. त्या वयात लवचीकपणा, तोल, हातांवर उभे राहणे आणि उलटे होण्याची भीती जाणे एवढे कमवायचे असते. पाया लहानपणीच घालावा लागतो. बहर मात्र विशीत येतो.

जपानच्या कोहेई उचिमुराचे उदाहरण घ्या. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही. त्याचे आईवडील स्वतः जिम्नॅस्टिक्स शिकवायचे आणि तो तिसऱ्या वर्षापासूनच त्यांच्या व्यायामशाळेत रुळला. २००८ मध्ये बीजिंगला, १९ व्या वर्षी, त्याला सर्व साधने मिळून होणाऱ्या वैयक्तिक स्पर्धेत रौप्य मिळाले. २००९ पासून त्याने सलग सहा जागतिक अजिंक्यपदे जिंकली. मधल्या २०१२ मध्ये लंडनचे ऑलिंपिक सुवर्णही त्याचेच.

२०१६ ला रिओमध्ये पाच साधने संपली तेव्हा युक्रेनचा ओलेग वेर्नियायेव ०.९०१ गुणांनी पुढे होता. उरला होता फक्त हॉरिझॉन्टल बार. एवढी पिछाडी एका साधनावर भरून काढणे जवळजवळ अशक्यच. उचिमुराने बार सोडून हवेत झेपा घेतल्या, प्रत्येक वेळी तो बरोबर पकडला आणि शेवटी पाय गादीवर असे रोवले की हललेच नाहीत. १५.८०० गुण. वेर्नियायेवचा उतरताना पाय सरकला. त्याला १४.८०० मिळाले. उचिमुरा ०.०९९ गुणांनी जिंकला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. टोकियोत ३२ व्या वर्षी तो फक्त त्याच साधनावर उतरला, पण प्राथमिक फेरीतच बारवरून पडला. २०२२ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

म्हणजे एकूण प्रवास तीसेक वर्षांचा आणि त्यातली ऐन भराची वर्षे साधारण १९ ते २९. काहींचा प्रवास आणखी लांबतो. बल्गेरियाचा योर्दान योव्चेव १९९२ ते २०१२ अशी सलग सहा ऑलिंपिक खेळला आणि ३९ व्या वर्षी रिंग्जच्या अंतिम फेरीत होता. उलट मनगट, खांदा किंवा टाचेची शीर गेली की कारकीर्द एका दिवसात संपूही शकते. फ्रान्सच्या समीर ऐत सैदचा पाय रिओत व्हॉल्टवरून उतरताना मोडला. तो पुन्हा उभा राहिला आणि टोकियोत रिंग्जवर चौथा आला.

आता आपल्याकडे येऊ. १९५२ मध्ये दोन, १९५६ मध्ये तीन आणि १९६४ मध्ये सहा भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेले, सगळे पुरुष. त्यानंतर आजवर आपला एकही पुरुष जिम्नॅस्ट तिथे पोहोचलेला नाही. दीपा कर्माकरने २०१६ मध्ये ही खिंड ओलांडली, पण महिला गटात. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आशिष कुमारने व्हॉल्टवर रौप्य आणि फ्लोअरवर कांस्य जिंकले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतही कांस्य. वय जेमतेम वीस. इथून पुढच्या दहा वर्षांत एक परंपरा उभी राहायला हवी होती. ती काही उभी राहिली नाही.

याचे मला फार वाईट वाटते, कारण विदर्भाची मातीच मल्लखांबाची आहे. तुमच्यापासून फार लांब नाही, अमरावतीला, १९१४ मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांबाने पकड, पोटाची ताकद आणि उलटे लटकण्याचे धाडस येते. पण पॉमेल हॉर्सवरचे वर्तुळाकार झोके किंवा रिंग्जवरचा क्रॉस खांबावर शिकता येत नाही. त्यासाठी साधने, जाड गाद्या आणि प्रशिक्षक लागतात, तेही सातव्या-आठव्या वर्षापासून. फिलिपिन्सच्या कार्लोस युलोने मनिलात खेळायला सुरुवात केली. जपानी प्रशिक्षकाच्या हाताखाली, पुढे जपानमध्ये राहून, तो घडला आणि पॅरिसला २४ व्या वर्षी त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. तेव्हा गरीब देशाची सबब मला पटत नाही.

आपल्याकडे घात होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. दहावी आली की मुलाची व्यायामशाळा बंद, बारावीला तर प्रश्नच नाही. म्हणजे शरीरात ताकद उतरायला लागते, नियम त्याला वरिष्ठ गटाचे दार उघडतो, नेमक्या त्याच वर्षी आपण त्याला घरी बसवतो. क्रीडा सवलतीचे गुण पदरात पाडून घेतले की खेळ संपला, असा समज घरोघरी आहे.

पुढे काय, याची काळजी रास्त आहे. रेल्वे आणि सैन्यदलात खेळाडूंना नोकऱ्या मिळतात, राज्य शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शिवाय प्रशिक्षक आणि पंच यांची आपल्याकडे चणचण आहे.

पुतण्याला मल्लखांबावर खुशाल चढू द्या. वर्ध्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन जिम्नॅस्टिक्सची साधने आणि प्रशिक्षक कुठे आहेत हे विचारा, आणि तो दहावीला जाईल तेव्हा सराव कमी करा, बंद करू नका.